ज्या माशाला नाव मिळालं

दार बर्फाखाली गेलंय, म्हणून तुम्ही माळ्याच्या खिडकीतून बाहेर पडता. साल १८२० च्या आसपासचं. मुलूख एचिगो प्रांतातला डोंगराळ. आजच्या नकाशावर हा निगाता प्रांतातला यामाकोशी आणि ओजियाचा पट्टा. जपानच्या समुद्रावरून निघालेले ढग या डोंगरांना अडतात आणि हिवाळाभर बर्फ टाकत राहतात. तीन-तीन, चार-चार मीटर. इथले लोक आपल्या खोऱ्याला वीस गावांचा मुलूख म्हणतात, पण हिवाळ्यात शेजारचं गावही दूरदेशी असल्यासारखं असतं. वाट बंद, बाजार बंद. चार-पाच महिने घरात आहे त्यावर भागवायचं: तांदूळ, खारवलेल्या भाज्या आणि तळ्यातला मासा.

तळं घराला लागूनच आहे. झऱ्याचं पाणी सतत वाहतं ठेवल्यामुळे ते गोठत नाही. त्यात मागोई आहेत, काळे कार्प. उन्हाळ्यात त्यांना डोंगरावरच्या पाझरतळ्यांत सोडलेलं असतं. वितळलेलं बर्फ तिथे साठवून भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांना द्यायचं, आणि त्याच पाण्यात मासा वाढवायचा, अशी इथली रीत. थंडीपूर्वी मासे घराजवळ आणायचे आणि लागेल तसे काढायचे. शोभेसाठी मासा पाळावा हे इथे कुणाच्या डोक्यातही नाही. हे जेवण आहे.

एक मुलगा जाळीत मासा धरून आणतो.

"आजी, ह्याच्या गालाला लाल लागलंय बघ."

आजी ओल्या हातांनी मासा आडवा धरते. कल्ल्याच्या झाकणावर नखाएवढा तांबूस डाग आहे. ती अंगठ्याने घासून पाहते. डाग निघत नाही.

"हा कापू नकोस. वेगळा ठेव."

"का?"

"ठेव म्हटलं ना."

मी हा विषय वाचू लागलो तेव्हापासून या उत्तराशी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. आजी आणि तिचा नातू माझ्या कल्पनेतले आहेत, पण असं कुणीतरी, कुठल्यातरी घरात, भर हिवाळ्यात म्हणालं असणारच. बुन्का आणि बुन्सेई या कालखंडांत, म्हणजे १८०४ ते १८३० च्या दरम्यान, या खोऱ्यात खाण्याच्या कार्पमध्ये रंगीत मासे दिसू लागले, आणि ते चुलीवर न जाता पाण्यात परत गेले. निशिकिगोई म्हणून आज जगभर ओळखला जाणारा मासा इथून निघाला. राजाने फर्मान काढलं नव्हतं, व्यापाऱ्याने मागणी केली नव्हती. भुकेच्या दिवसांत एका कुटुंबाने एक मासा खाल्ला नाही, एवढंच.

आता वर्षं भराभर जाऊ द्या. तेम्पो काळ लागलाय, १८३० ते १८४४. त्याच तळ्यावर तुम्ही पुन्हा वाकता आणि माशांना नावाने मारलेल्या हाका ऐकू येतात. कपाळावर लाल आलं तो झुकिनकाबुरी, डोक्याला फडकं गुंडाळलेला. सगळं डोकं लाल झालं तो मेनकाबुरी, मुखवटा घातलेला. ओठांवर लाली आली तो कुचिबेनी, कारण बेनी म्हणजे करडईच्या फुलापासून काढलेली ओठांची लाली. पाठीवर लाल ठिपके उमटले तो सारासा. सारासा हे जपानात छापील सुती कापडाचं नाव, आणि त्यातलं मानाचं कापड डच जहाजांतून हिंदुस्थानातून यायचं. आपल्याकडच्या रंगाऱ्यांनी कापडावर उमटवलेली फुलं नाव होऊन बर्फाच्या मुलखातल्या एका माशाच्या पाठीवर बसली.

इथे मला जे म्हणायचं आहे ते आत्ताच सांगतो. ही नावं माशाच्या वर्णनासाठी आली असं आपल्याला वाटतं. मला वाटतं, काम त्यांनी त्याहून मोठं केलं. एकदा कुचिबेनी हा शब्द गावात रुळला की पुढच्या वसंतात शंभर डोळे पाण्यात लाल ओठ शोधू लागतात. सापडले तर तो मासा राहतो, त्याची पिल्लं राहतात. ज्याला नाव नाही तो जेवणात जातो. शब्दाने मासा निवडला, आणि पिढ्यानपिढ्या निवडता निवडता शब्दासारखा मासा घडवला. आपल्याकडे कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या बैलाला चांद्या म्हणतात आणि बाजारात चांद्याला गिऱ्हाईक आधी मिळतं, तसंच हे.

आणि हे सगळं वरून पाहून. तुम्ही काचेच्या टाकीची सवय घेऊन आला असाल तर ती सोडा. इथे काच नाही. तळ्याच्या काठावर उभा असलेला माणूस माशाची पाठ पाहतो, कूस नाही. म्हणून या भाषेतले जवळपास सगळे शब्द पाठीचे आणि डोक्याचे आहेत. पोटावरच्या रंगाची फिकीर इथे कुणाला नाही.

१८८९ च्या आसपास उतरा. मेइजी काळ सुरू होऊन वीस वर्षं उलटली आहेत, घरोघरी रेशमाचे किडे आहेत, आणि रेशीम काढल्यावर कोशांत उरलेले किडे माशांना खाऊ घालतात. कुनिझो हिरोई नावाचा शेतकरी, ज्याला सगळे घराण्याच्या नावाने गोसुके म्हणतात, त्याने डोकं लाल असलेली एक मादी विकत आणली आहे. तिचा प्रकार हाचि-हि. तिच्याशी त्याने आपल्याकडचा नर जोडला आहे, ज्याच्या अंगावर चेरीच्या फुलांसारखे लालसर शिंतोडे आहेत. या जोडीतून जे आलं त्याला आज आपण कोहाकू म्हणतो. पांढऱ्यावर लाल. दोनच रंग.

तुम्ही म्हणाल, पांढऱ्यावर लाल, त्यात एवढं काय? वाका. जरा जास्त वाका.

लाल रंगाला इथे हि म्हणतात. पांढऱ्या जमिनीला शिरोजी. शिरोजी दुधासारखी हवी. पिवळट छटा आली की उत्तम लालही मळकट दिसतो. आता लाल जिथे संपतो तिथे बघा. ती कड म्हणजे किवा. माशाचे खवले कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, पुढचा खवला मागच्याच्या मुळावर. म्हणून लाल पट्ट्याच्या मागच्या बाजूला, शेपटीकडे, शेवटचा लाल खवला सबंध दिसतो आणि कड सुरीने कापल्यासारखी येते. पुढच्या बाजूला, डोक्याकडे, शेवटच्या लाल खवल्यावर आधीचा पांढरा खवला येतो. खालचा लाल त्यातून झिरपतो आणि कडेला धूसर गुलाबी रेघ पडते. तिचं नाव साशी. जाणकाराचं बोट आधी त्या रेघेवर जातं. रेघ एका खवल्याहून रुंद असेल तर लाल अजून स्थिरावलेला नाही, किंवा पातळ आहे आणि तुटेल. रेघ अरुंद आणि सरळ असेल तर रंग बसलेला आहे. केसाएवढ्या धूसर रेघेवरून माशाचं पुढचं आयुष्य वाचता येतं. हे वाचायला कुणी पुस्तकातून शिकलं नाही. शेतकरी बांधावर उभे राहून, एकमेकांना दाखवत शिकले.

मग पाठीवरच्या लालाची मांडणी. दोन टप्पे असले तर निदान, तीन असले तर सानदान, डोक्यापासून शेपटीपर्यंत वीज पडल्यासारखा नागमोडी सलग पट्टा असेल तर इनाझुमा. लाल फक्त डोक्यावर गोल उमटला, बाकी अंग कोरं, तर तांचो; होक्काइदोच्या दलदलीत ज्याच्या माथ्यावर लाल टिळा असतो त्या करकोच्याचं हे नाव. डोक्यावर असा वेगळा टिळा आणि पाठीवरही लाल, तर मारुतेन. लाल ठिपके खवल्याखवल्यांवर विखुरले तर कानोको, हरणाच्या पाडसाची पाठ. कानोको हे बांधणीच्या कापडाचंही नाव आहे, आणि इथला माणूस हे ऐकून आधी पाडस आठवतो की कापड, ते सांगता येणार नाही.

कापड मात्र या मुलखात सगळीकडे आहे. ओजियाचं चिजिमी, पाणी देऊन चुरगळलेलं तागाच्या जातीचं बारीक कापड, हिवाळाभर घराघरांतून विणलं जातं आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात बर्फावर पसरून शुभ्र करतात. हात विणकामाचे, डोळे धाग्याच्या रंगाला सरावलेले. दुसऱ्या एका माशाचं नाव असागी, निळीचा हलका हात. त्याच्या पाठीवर निळ्या खवल्यांची जाळी आणि प्रत्येक खवल्याला फिकट कड. त्यातल्या सर्वांत सुबक जाळीवाल्याला नारुमी असागी म्हणतात, नागोयाजवळच्या नारुमीच्या बांधणीवरून. कोहाकूच्या लालाखालून निळसर जाळी उमटली की तो आइगोरोमो, निळीचं वस्त्र पांघरलेला. कासवाच्या पाठीच्या शिंगवटीसारखे काळे ठिपके असतील तर बेक्को. त्याच शिंगवटीच्या फण्या बायका केसांत माळतात. चहाच्या रंगाचा तो चागोई. संपूर्ण काळा तो कारासुगोई, कावळा. या सगळ्याला मिळून जो शब्द शेवटी टिकला, निशिकिगोई, त्यातलं निशिकी म्हणजे जरीकामाचं रंगीत वस्त्र. तो रूढ व्हायला बराच काळ जायचा आहे. अजून लोक इरोगोई, मोयोगोई, कावारीगोई असं काहीबाही म्हणतात: रंगाचा, नक्षीचा, वेगळा पडलेला.

१९१४. तुम्ही आगगाडीत आहात, पायाशी पाण्याने भरलेलं लाकडी पिंप, आणि तुम्ही मधूनमधून हाताने पाणी ढवळता म्हणजे त्यात हवा मिसळेल. डोंगर फोडून तोक्योला सरळ जाणारा रेल्वेमार्ग १९३१ मध्ये व्हायचा आहे. आज गाडी नागानोवरून लांबचा वळसा घेते आणि उसुइच्या घाटात दातेरी रुळावरून हळू उतरते. उएनोला ताइशो प्रदर्शन भरलं आहे. नव्या सम्राटाच्या काळाचं हे पहिलं मोठं प्रदर्शन. लोक यंत्रं, दिवे, नवे पाळणे पाहायला येतात आणि एचिगोच्या डोंगरातल्या माशांपुढे थबकतात. माशांना पदक मिळतं. काही मासे युवराज हिरोहितोंच्या वाड्यात जातात. बर्फात कोंडलेल्या खोऱ्याचा खासगी शब्दसंग्रह त्या वर्षी शहराच्या कानावर पडला.

शहरानेही त्यात भर घातली. तोक्योचा सोनमासे पाळणारा योशिगोरो अकियामा याने १९१० मध्ये जर्मनीहून आलेल्या, अंगावर खवले जवळजवळ नसलेल्या कार्पशी असागीची जोडी लावली होती. त्यातून आलेल्या निळ्या माशाच्या पाठीवर मधोमध खवल्यांची एकच ओळ राहिली. त्याचं नाव शुसुई, शरदातली हिरवाई. या नावापुढे मी दर वेळी थांबतो. मासा पाहून ज्याला हिरवाई आठवली, आणि हिरवाईतही शरदातलीच, त्याला किती वेळ पाहत बसावं लागलं असेल! जर्मनीहून आलेलं रक्त ज्या माशात आहे त्याच्या नावापुढे आजही दोइत्सु लागतं, म्हणजे जर्मनी. आपल्या गोष्टीत परक्याचा वाटा होता हे त्यांनी नावातच लिहून ठेवलं.

पण पुन्हा डोंगरात चला, कारण खरी अवघड गोष्ट आता येते: काळा.

काळ्या रंगाला सुमी म्हणतात, लिहायची शाई. लाल एकदा बसला की दिसतो तसा राहील असं धरता येतं. शाईचं तसं नाही. ती बुडते, वर येते, थंड पाण्यात गडद होते, वर्षभर नाहीशी होऊन तिसऱ्या वर्षी नको तिथे उगवते. जी अजून त्वचेखाली आहे, निळसर राखाडी सावलीसारखी, तिच्यावर पैज लावायची आणि वाट पाहायची.

१९१७ च्या सुमाराला ताकेझावा गावातल्या एइझाबुरो होशिनोच्या तळ्यावर पांढरा, लाल आणि काळा एकत्र आलेला मासा आहे. ताइशो काळातला तिरंगी म्हणून त्याला ताइशो सान्शोकू म्हणतात, बोलण्यात सांके. दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, याच मुलखातला जुकिचि होशिनो पिवळ्या-काळ्या कि-उत्सुरीशी कोहाकूची जोडी लावतो आणि दुसरा तिरंगी मिळवतो. तोवर सम्राट बदललेला आहे, काळाचं नाव शोवा आहे, म्हणून हा शोवा. सम्राटांच्या राजवटी माशांच्या अंगावर कोरल्यासारख्या राहिल्या.

दोन्ही तिरंगी. मग फरक कसा ओळखायचा? तळ्यावरच्या माणसाला विचारा, तो डोकं दाखवेल. सांके हा पांढरा मासा आहे, ज्यावर लाल आला आणि वरून शाईचे थेंब पडले. थेंब पाठीवर, कुशीच्या रेषेच्या वर. डोक्यावर शाई नको. शोवा हा काळा मासा आहे, ज्यातून पांढरा आणि लाल वर आले. म्हणून त्याची शाई थेंबांची नसते, ती पोटाखालून वळसा घालून येते, डोक्यावर चढते, तोंड दुभंगते. तोंड दुभंगणाऱ्या त्या काळ्या रेघेला मेनवारे म्हणतात. छातीचे पर पाहा: सांकेच्या परात असल्या तर बारीक काळ्या रेघा, शोवाच्या पराच्या मुळाशी काळा गोळा, मोतोगुरो, आणि तिथून बाहेर पांढरं. पहिल्या शोवांचा लाल फिका, पिवळट होता. त्यात कोहाकूचं रक्त पुन्हा पुन्हा घालून तो गडद करण्याचं काम १९६० च्या दशकात तोमिजी कोबायाशीने पुरं केलं. चाळीस वर्षं एका रंगावर.

आता मी तुम्हाला ज्यासाठी इथे आणलं ते बघा. जूनची सकाळ, शोवाची पिल्लं अंड्यांतून निघून थोडेच दिवस झालेत. एका मादीची अंडी लाखांत असतात. पिल्लांना केगो म्हणतात, केसासारखी बारीक. एक बाई पांढऱ्या घमेल्यावर वाकली आहे. हातात लहान, उथळ चमचा. घमेल्यातली काही पिल्लं काळसर, काही फिकट. काळी ती कुरोको. काळी ठेवायची, फिकी काढायची, कारण शोवाची शाई जन्मतः नसेल तर नंतर येत नाही. ती बोलत नाही. चमचा उचलतो, टाकतो, उचलतो. कोहाकूची पहिली निवड आणखी महिना-दीड महिन्याने होईल, रंग दिसू लागल्यावर. मग दुसरी, तिसरी, चौथी. या कामाला सेन्बेत्सु म्हणतात, वेगळं करणं. लाखांतून वर्षाअखेर शेकड्यांत उरतात.

"चुकत नाही का?" तुम्ही विचारता.

"रोज चुकतं," ती म्हणते. "पण थांबलं तर सगळीच मरतात. एवढ्यांना तळं कुठून आणायचं?"

बाजूच्या बादलीत जे जातं ते परत येत नाही. हे सुंदर मासे ज्या कठोरपणातून आले तो न पाहता त्यांचं कौतुक करणं मला पटत नाही, म्हणून तुम्हाला या घमेल्यापाशी उभं केलं. आणि बादलीत नुसते व्यंग असलेले नसतात. ज्यांच्यासाठी अजून शब्द नाही तेही त्यात असतात. एखाद्या हाताने एखाद्या सकाळी चमचा थांबवला नसता तर यातलं अर्धं तरी काही नसतं.

तसा थांबलेला हात ताकेझावाच्या सावाता आओकीचा. १९२१ मध्ये त्याला पाठीवर सोनेरी झाक असलेला कार्प दिसला. त्याने तो ठेवला, आणि बापलेकांनी पंचवीस वर्षं सर्वांत जास्त चमकणारी पिल्लं तेवढी पुढे नेली. वाटेत ज्यांचं फक्त डोकं चमकलं त्यांना नाव मिळालं किन्काबुतो आणि गिन्काबुतो, सोन्याचं आणि चांदीचं शिरस्त्राण. मग १९४६-४७ च्या सुमाराला संपूर्ण सोनेरी मासा आला, ओगोन, आणि शिरस्त्राणवाल्यांना कुणी विचारेना. ते आता जवळजवळ दिसत नाहीत. नावामुळे मासा राहतो, तसा नव्या नावामुळे जुना जातोही. त्या वर्षांत जवळच्या डोंगराच्या पोटात गावकरी कुदळींनी बोगदा खणत होते. हिवाळ्यात आजारी माणसाला पाठीवर घेऊन खिंड ओलांडताना जीव जायचे, म्हणून १९३३ मध्ये सुरुवात केली, युद्धात काम थांबलं, पुन्हा सुरू केलं, आणि १९४९ मध्ये नऊशे मीटरच्या आसपासचा नाकायामा बोगदा आरपार गेला. त्याच गावांतली, त्याच सवयीची माणसं ही: सोन्याच्या माशासाठी पंचवीस वर्षं, दवाखान्याच्या वाटेसाठी सोळा.

मधला काळ वेगाने. पाण्यात प्राणवायू भरून बंद केलेली प्लास्टिकची पिशवी आली आणि मासे विमानाने परदेशी जाऊ लागले. १९७० पासून सरकार भाताची लागवड कमी करायला सांगू लागलं, तसं यामाकोशीच्या पायऱ्यांवर भाताऐवजी पाणी चमकू लागलं. हिरोशिमाकडचे मोठे पैदासकार पुढे आले. २०१८ मध्ये तिथला एक कोहाकू लिलावात २० कोटी येनच्या वर गेला. त्या रकमेच्या बातम्या सगळीकडे झाल्या. माशाच्या किवाबद्दल त्यांत काहीच नव्हतं.

आता थोडं मागे या. २३ ऑक्टोबर २००४, संध्याकाळचे ५ वाजून ५६ मिनिटं. तुम्ही तळ्याच्या बांधावर आहात आणि बांध चालू लागतो. ६.८ तीव्रतेचा भूकंप. यामाकोशीचे डोंगर मुळातच दरडींचे. मऊ, चिकण, पाणी धरणारी माती खाली सरकत राहते म्हणून इथे पायऱ्यांची शेती जमली, त्या मातीत पाणी टिकतं म्हणून तळी जमली, त्याच मातीच्या पाण्यात माशांचा रंग खुलतो असं पैदासकार सांगतात. तीच माती आज सुटते. रस्ते सगळे तुटतात. इमोगावा नदी दरडीने अडते आणि कोगोमो वस्तीच्या घरांत पाणी चढत जातं. वीज गेली म्हणजे घरातल्या हौदांना हवा देणारे पंप बंद. बांध फुटलेल्या तळ्यांच्या चिखलात मासे पडले आहेत. हे इकेआगेचे दिवस होते, तळी उपसून वर्षाची कमाई वर काढण्याचे.

दोन हजारांवर माणसांचं सगळं गाव हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. या भूकंपात एकूण ६८ माणसं गेली. काही दिवसांनी हेलिकॉप्टर पुन्हा फिरली, खाली झुंजीचे बैल टांगलेले. इथे बैलांच्या झुंजींची जुनी परंपरा आहे. आणि पाण्याच्या टाक्यांतून मासेही. पैदासकारांनी मागे वळून नेलं ते विक्रीचे मासे नव्हते, जोडीचे होते, ज्यांच्यात पिढ्यांची निवड साठलेली. घर पुन्हा बांधता येतं. गोसुकेच्या वेळेपासून चालत आलेली ओळ तुटली असती तर ती पुन्हा बांधता आली नसती. १ एप्रिल २००५ रोजी यामाकोशी गाव नागाओका शहरात विलीन झालं. माणसं परत आली, सगळी नाही. तळी पुन्हा भरली, सगळी नाही.

आणि आता तुम्ही कालपरवाच्या ऑक्टोबरमध्ये आहात. सकाळी धुकं, डोंगराच्या पायरीवर एक तळं उपसून गुडघाभर राहिलंय. मेमध्ये सोडलेले मासे आज वर येणार. पाचसहा माणसं छातीपर्यंतच्या रबरी पोशाखात, लांब जाळं ओढत, चिखल ढवळत एका कोपऱ्याकडे सरकतात. चहाच्या रंगाच्या पाण्यातून आधी काहीच दिसत नाही. मग एक पाठ. लाल. मग तीन एकदम.

मासे मोज्यासारख्या लांब जाळीत घालून, पाण्यासकट, हातात वाहून निळ्या टबांत आणतात. म्हाताऱ्या मालकाने टोपी मागे ढकलली आहे. तोसाई म्हणजे या वर्षीचं, निसाई म्हणजे दोन वर्षांचं; हे सगळे निसाई. पहिला टब विक्रीचा. दुसरा तातेगोईंचा, ज्यांचं अजून व्हायचं आहे. बाजारात आज ज्याची किंमत जास्त तो तातेगोई नव्हे. आज अर्धवट दिसतो, पण हाड रुंद आहे, कातडी चमकते, आणि खाली काहीतरी येत आहे असं वाटतं, तो.

टबात एक शोवा आहे. लाल चांगला, मेनवारे तुटकी, आणि उजव्या खांद्यावर शाईऐवजी नुसती निळसर सावली.

"काय म्हणता?" तो तुम्हाला विचारतो.

इतक्या काळातून तुम्ही आला आहात. आजीपाशी उभे होता, पांढऱ्या घमेल्यापाशी उभे होता. तुम्ही वाकता. पराच्या मुळाशी पाहता: मोतोगुरो आहे, लहान, गोल. साशी अरुंद आहे. सावली खवल्यांच्या खाली आहे, कडा अजून नाहीत.

"येईल," तुम्ही म्हणता. "खांद्यावर. अजून एक उन्हाळा."

तो बराच वेळ काही बोलत नाही. मग मुलाकडे वळतो. "दुसऱ्या टबात. आणि तो पुढचा आण, डोक्यावर वेगळा डाग आहे तो. मारुतेन धरायचा की नाही ते आत्ताच ठरवू या, ट्रक अकराला येतोय."